सव्वीस वर्षं बंकरमध्ये

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक युद्धवार्ताहर राहतात. त्यांनी युद्ध पाहिलेलं नाही आणि वार्ताही कधी दिलेली नाही, पण एवढ्या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या तर माणूस पक्का युद्धवार्ताहर आहे. नाव रंगनाथ बोरस्ते. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. मखमलाबाद रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे रंगनाथभाऊ म्हणतात. मी पाठीमागे आणखीही काही म्हणते, पण ते इथे नको. त्यांच्या बायकोला, मैनावहिनींना, हे सगळं वाचून दाखवायचं कबूल केलंय.

गोष्ट नव्याण्णव सालची, कारगिलच्या उन्हाळ्यातली. आमच्याकडे रेडिओवर ‘सीमेवरून विक्रांत’ नावाची एक श्रुतिका लागायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, पंधरा मिनिटं, एकूण तेरा भाग. प्रायोजक, आगडोंब मसाले. विक्रांत हा युद्धवार्ताहर. तो डोंगरावर चढायचा, बंकरमध्ये शिरायचा, गोळ्यांच्या वर्षावात उभा राहून निवेदन करायचा आणि मग एक बाई गोड आवाजात सांगायची की मटणाला झणझणीतपणा हवा तर आगडोंबच हवा.

विक्रांतचं काम एका मराठीच्या मास्तरांना मिळालं होतं. त्यांचा घसा बसला. तेव्हा रंगनाथभाऊ आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ‘शेतकरी क्रमांक दोन’ होते. त्यांना एकच वाक्य असायचं, “मग साहेब, यावर उपाय काय?” त्या वाक्यातली तळमळ ऐकून त्यांना थेट सीमेवर पाठवण्यात आलं. म्हणजे स्टुडिओत.

भाऊंनी तयारीत कसूर ठेवली नाही. देवळाली कॅम्पातून खाकी जाकीट आणलं, आठ खिशांचं. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. तोफेचा खरा आवाज टेप करायला म्हणून स्कूटरवरून देवळालीच्या तोफखान्यापर्यंत गेले. तिथल्या फाटकावरच्या जवानानं विचारलं, “किधर?” भाऊ म्हणाले, “फ्रंटपे.” त्यानं स्कूटर वळवून दिली. आयुष्यात तोफेच्या सगळ्यात जवळ ते गेले ते तेवढंच.

बारावा भाग शुक्रवारी लागला. विक्रांत आणि वणीचा जवान शिवा बंकरमध्ये अडकलेले. वायरलेस बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, तोफा धडधडतायत. शिवा म्हणतो, “साहेब, मी मदत आणायला निघतो.” आणि भाग संपतो. अख्खं नाशिक मंगळवारची वाट बघू लागलं, असं भाऊ सांगतात. आमच्या घरी तरी बघत होते, कारण माझ्या सासूबाईंना शिवाची काळजी लागली होती.

पण सोमवारी युद्ध संपलं.

मंगळवारी श्रुतिकेच्या जागी विजयगीतं लागली. मसालेवाल्यांनी हात वर केले, आता युद्धाला गिऱ्हाईक नाही म्हणाले. तेरावा भाग रेकॉर्डच झाला नाही. सगळे सैनिक डोंगरावरून खाली आले, विक्रांत तेवढा बंकरमध्ये राहिला.

आणि तेराव्या भागात काय नव्हतं म्हणून सांगू! चार पानांचं विक्रांतचं निवेदन होतं. शिवा बर्फात चालत जातो, त्याची पावलं ऐकू येतात, मग ती थांबतात. आणि विक्रांत रडत रडत सगळ्या महाराष्ट्राला ती बातमी देतो. “महाराष्ट्रा, ऐक!” अशी सुरुवात. भाऊंना हे निवेदन पाठ आहे. सव्वीस वर्षं ते बाथरूममध्ये त्याचा सराव करत होते आणि डक्टमधून ते चारही मजल्यांना ऐकू यायचं. माझ्या मुलीचे पाढे आणि विक्रांतचं निवेदन बरोबरच पाठ झालं. पुढे पाढे विसरली.

भाऊंची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती, ते निवेदन माणसांसमोर करायची. गणपतीत मंडळानं एकदा दहा मिनिटं दिली होती, फॅन्सी ड्रेस आणि संगीतखुर्चीच्या मध्ये. भाऊ बाणेदारपणे नाही म्हणाले. “युद्धवार्ताहराला युद्ध लागतं,” म्हणाले. “शांततेत विक्रांत कोण ऐकणार?” म्हणजे भाऊ तेरावा भाग घेऊन तयार होते आणि दोन्ही देशांची सरकारं सहकार्य करत नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी सहकार्य केलं.

आठवत असेल तो आठवडा. भोंग्याची रंगीत तालीम झाली, लोकांनी खिडक्यांना काळे कागद लावले, किराणा दुकानातली साखर संपली. टीव्हीवर स्टुडिओत बसलेली मुलं हेल्मेट घालून ओरडत होती. एका वाहिनीनं तर रात्रीतून तीन शहरं काबीज केली आणि सकाळी चहाच्या वेळी गुपचूप परत देऊन टाकली.

गुरुवारी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर समोर रंगनाथभाऊ जाकीट घालून उभे. मे महिना, एकोणचाळीस अंश.

“दीपमालाताई, वेळ आली.”

“कसली? टँकरची?”

“तेराव्या भागाची. रविवारच्या आत करायचा.”

“रविवारच्या आतच का?”

“याचा काही भरवसा नाही हो,” भाऊ आवाज खाली आणून म्हणाले. “मागच्या वेळीसुद्धा सोमवारी अचानक संपलं.”

मी आत जाऊन हसून घेतलं आणि मग बाहेर येऊन गंभीरपणे विचारलं की मला काय काम आहे. मला आग मिळाली. आग म्हणजे वेफर्सचं रिकामं पाकीट माइकजवळ हळूहळू चुरगळायचं. रेडिओच्या जुन्या पद्धतीनं सगळे आवाज हातानं करायचे, हा भाऊंचा हट्ट. सोसायटीचा सेक्रेटरी प्रफुल्ल, त्याचा लग्नकार्याला साउंड लावायचा धंदा आहे. तो म्हणाला, “भाऊ, मोबाइलवर बॉम्बचे दोनशे आवाज फुकट मिळतात. आणि एवढं लांबण लावण्यापेक्षा तीस सेकंदांचं रील करू.”

“तीस सेकंदांत विक्रांत खोकतसुद्धा नाही,” भाऊ म्हणाले. “आणि मोबाइलच्या बॉम्बला वजन नसतं.”

तेव्हा वजनदार बॉम्ब म्हणून गच्चीवरच्या टाकीचं पत्र्याचं झाकण ठरलं. मशीनगनसाठी द्राक्षाचं प्लॅस्टिकचं कॅरेट, त्याच्या जाळीवरून काठी खरखर ओढायची. ती काठी मैनावहिनींकडे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, भाऊंकडे बघत कॅरेट बडवण्याची संधी पहिल्यांदाच मिळत होती. वहिनी फार जोरात बडवत होत्या.

राहिला बर्फ. बर्फातली पावलं ही श्रुतिकेतली सगळ्यात अवघड गोष्ट, असं भाऊ म्हणतात. कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरायचं, सुतळीनं तोंड आवळायचं आणि दोन्ही हातांनी दाबायचं. एकेक दाब म्हणजे एकेक पाऊल. करकर असा हुबेहूब आवाज येतो. वहिनींनी मैदा देऊ केला तर भाऊ म्हणाले, “मैद्यात चिखल ऐकू येतो.” शेवटी कोपऱ्यावरच्या मंच्युरियनच्या गाडीवाल्याकडून दोन किलो कॉर्नफ्लॉवर आणलं. एवढा सगळा हिमालय चायनीजच्या गाडीवरून आला.

पिशवी दाबायला मजबूत हात हवे होते. ते तळमजल्यावरच्या बायडाबाईंचे निघाले. बायडाबाई बहात्तर वर्षांच्या, मूळच्या कळवणकडच्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, उभ्या आयुष्यात भाकरी थापल्या, कांदे काढले. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आल्या. त्यांचा नातू स्वराज फौजेत, जम्मूच्या बाजूला कुठेतरी. सोमवारी त्याचा फोन आला होता, “आजी, दोन-चार दिवस फोन नाय होणार.” तेव्हापासून म्हातारी मोबाइल ओच्यात घेऊन पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेली. लेकीला दवाखान्यात ड्यूटी. घरात टीव्ही होता, पण आजींनी तो बंद करून त्यावर टॉवेल टाकला होता.

“लय बोंबलत्यात मेले,” म्हणाल्या. “ते पोरगं हेल्मेट घालून खुर्चीत बसलंय. खुर्चीत काय पडतंय त्याच्या डोस्क्यात?”

भाऊंनी त्यांना पिशवी दिली. बायडाबाईंनी दोनदा दाबून बघितली, कान लावला.

“हे काय व्हय रे रंगनाथ?”

“बर्फात चालणं, आजी.”

“कोण चालतंय?”

“शिवा. आपल्या वणीचा जवान.”

“आस्सं. माझा स्वराजबी असाच चालत आसंल मग.” आणि म्हातारीनं अशी काही पावलं काढली की प्रफुल्लनं कानावरचा हेडफोन काढून बाहेर बघितलं. कुणीतरी खरंच आलंय असं त्याला वाटलं. घाईची पावलं वेगळी, दमल्याची वेगळी. चढ लागला की दाब लांबायचा.

शुक्रवारी गच्चीवर तालीम झाली. पण शेवट सोडून. “शेवट फोडायचा नाही,” भाऊंची ताकीद. “सव्वीस वर्षं राखलाय.” राखलाय कसला, डक्टमधून सगळ्या बिल्डिंगला तोंडपाठ होता. एकट्या बायडाबाईंना माहीत नव्हता, कारण त्या नव्या, आणि तळमजल्याच्या त्यांच्या खोलीला डक्टची खिडकी नाही. भाऊंनी त्यांना एवढंच सांगितलं, “आजी, मी हात वर केला की पावलं बंद.”

“बंद का?”

“ते उद्या कळेल.”

मला माहीत होतं ते का बंद होणार. त्याच वेळी म्हातारीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला मजा बघायची होती. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेलच.

शनिवारी संध्याकाळी सहाचा मुहूर्त. गच्चीवर खुर्च्या मांडल्या. तीसेक माणसं आली, त्यातली पंचवीस भेळेसाठी. प्रफुल्लनं माइक लावले, रेकॉर्डिंग करून सगळ्या ग्रुपांवर पाठवायचं होतं. भाऊ जाकिटात घामानं निथळत होते. साडेपाचच्या सुमाराला पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “थांबलं! युद्ध थांबलं! दोघंबी थांबले!”

गच्चीवर टाळ्या वाजल्या. एकानं ‘भारतमाता की जय’ म्हटलं, दुसऱ्यानं भेळवाल्याला सांगितलं की आता गोड चटणी जास्त टाक. मी भाऊंकडे बघत होते. आवक-जावकच्या टेबलावर बदलीची ऑर्डर आल्यावर तोंड होईल तसं तोंड झालं होतं.

“परत?” भाऊ म्हणाले. “अर्धाच तास राहिला होता! एक दिवस आणखी कळ काढता आली नसती यांना?”

हे ते स्वतःशीच बोलले, पण माइक चालू होता. बायडाबाई मांडीवर पिशवी घेऊन खाली बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलं.

“काय म्हणालास रे?”

“काही नाही आजी. भेळेत चिंच कमी आहे म्हणालो.”

“चिंच,” बायडाबाई म्हणाल्या. आणि पिशवीची सुतळी पुन्हा घट्ट केली.

प्रफुल्लनं विचारलं, “भाऊ, मग करायचं की राहू द्यायचं?” भाऊंनी वहीकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, भेळेकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार आणि आणखी सव्वीस वर्षं आम्हाला डक्टमधून ऐकवणार. पण म्हणाले, “करायचं. साठ वर्षांचा झालोय मी. पुढच्या युद्धापर्यंत आवाज राहील कशावरून?”

मग सगळ्यांचे मोबाइल गोळा करून लाडवाच्या डब्यात ठेवायचा हुकूम निघाला. बायडाबाई देईनात.

“स्वराजचा फोन आला तर?”

“आजी, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. मध्येच वाजला तर बंकरचं काय होईल?”

“बंकर माझा हाय का?” असं म्हणाल्या खऱ्या, पण दिला. एवढ्या माणसांसमोर नाही म्हणवलं नसावं.

सुरुवात झकास झाली. वहिनींनी कॅरेट असं बडवलं की जाळीच्या दोन पट्ट्या उडाल्या. टाकीचं झाकण वाजलं, आणि पलीकडच्या गच्चीवर पापड उचलायला आलेल्या बाई पापड टाकून जिन्याकडे पळाल्या. मी आग लावली, म्हणजे पाकीट चुरगळलं. आणि भाऊ बोलू लागले. थट्टा बाजूला ठेवून सांगते, आवाज छान आहे माणसाचा. साठीतसुद्धा खणखणीत.

“मी विक्रांत, सीमेवरून. रात्र काळी आहे. बर्फ पांढरा आहे.” (लेखक रेडिओ केंद्रावरचे होते, आता हयात नाहीत, त्यामुळे त्याबद्दल काही बोलत नाही.) “आणि त्या बर्फात माझा शिवा निघाला आहे, एकटा!”

करकर. करकर. बायडाबाईंची पावलं सुरू झाली. भेळ खाणारे थांबले. खरंच कुणीतरी चाललं होतं. आधी भराभर, मग चढ, मग दम घेत.

“त्याच्यापुढे मृत्यू उभा आहे,” विक्रांत म्हणाला. “तरी तो चालतो आहे. आणि पाहा, ती गोळी सुटली!”

वहिनींनी काठी ओढली. भाऊंनी हात वर केला.

करकर. करकर.

भाऊंनी हात आणखी वर केला. बायडाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि मला दिसलं, म्हातारीला सगळं कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवी दाबत राहिल्या.

भाऊ माइकपासून तोंड बाजूला करून कुजबुजले, “आजी, बंद! बंद करा!”

“नाय करनार.”

“अहो, गोळी लागली त्याला!”

“नाय लागली. चुकली गोळी. चालू दे त्याला.”

हे सगळं रेकॉर्ड होत होतं. प्रफुल्लनं बटणावर बोट नेलं. वहिनींनी काठीनं त्याचं बोट बाजूला केलं.

भाऊंच्या हातात वही, वहीत चार पानं, सव्वीस वर्षं सांभाळलेली. “महाराष्ट्रा, ऐक!” जिभेवर येऊन बसलेलं. पण ज्याच्या मरणावर रडायचं तो माणूस करकर चाललेला. तीस माणसं ऐकतायत. एकदा सुरुवातही केली त्यांनी, “महाराष्ट्रा, ऐक! शिवाची पावलं...” आणि ‘थांबली’ म्हणायच्या जागी पावलं अशी दणदणीत वाजली की तो शब्द त्यात बुडूनच गेला. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, “चालतोय की चांगला!” लोक हसले. एक म्हातारे गृहस्थ मात्र डोळे पुसत होते, आणि ते भेळेच्या तिखटानं नव्हतं.

भाऊंनी वही मिटली. मग हळूच, शेतकरी क्रमांक दोनच्या आवाजात म्हणाले, “मग शिवा, आता काय?”

शिवाला वाक्यच लिहिलेलं नव्हतं. बायडाबाईच बोलल्या, पिशवी दाबता दाबता, “काय म्हंजी? घरी चला. थांबलंय ना आता सगळं.”

“विक्रांत सीमेवरून बोलतोय,” भाऊ माइकमध्ये म्हणाले. “शिवा परत आलाय. आम्ही दोघं उतरतोय. इथे सांगण्यासारखी बातमी काही नाही.” आणि ते पाय वाजवत माइकपासून लांब गेले. म्हातारी त्यांच्या जोडीनं दाबत राहिली, गच्चीच्या टोकापर्यंत, आणि शेवटच्या पावलाला पिशवी फाटली. दोन किलो हिमालय वाऱ्यावर उडाला. माझ्या केसांत, भेळेत, जाकिटाच्या आठही खिशांत.

टाळ्या पुष्कळ वाजल्या. बायडाबाईंनी टाळ्यांकडे लक्षही दिलं नाही. पांढऱ्या हातांनी लाडवाच्या डब्याकडे गेल्या, झाकण काढलं. त्यांच्या मोबाइलवर तीन मिस्ड कॉल. म्हातारीनं भाऊंना जी शिवी दिली ती इथे लिहिता येण्यासारखी नाही, कळवणकडची आहे. फोन मीच लावून दिला आणि हौसेनं स्पीकरवर टाकला.

“आजी! कुठे व्हतीस? तीनदा लावला!”

“तू जेवलास का?”

“जेवलो. सगळं ठीक हाय. तू काय करत व्हतीस एवढा वेळ?”

बायडाबाईंनी हाताला लागलेलं कॉर्नफ्लॉवर लुगड्याला पुसलं. “तुलाच चालवत व्हते, बर्फातून,” म्हणाल्या. पोराला काय कळणार? तो “आं?” म्हणाला. मग त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, स्पीकर बंद करायला लावला आणि टाकीच्या मागे जाऊन बोलल्या. ते काही मला ऐकू आलं नाही, याची मला आजही खंत आहे.

डक्टमध्ये आता शांतता असते. पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं. जाकीट वहिनींनी भिजत घातलं, तर बादलीत खळ झाली. भाऊ मात्र आठ दिवसांत सावरले. भाजीबाजारात ओळखीचा माणूस भेटला की सांगतात, “शेवट मीच बदलला. ऐन वेळी सुचलं. कलावंताला सुचतं असं.”

मी एकदा वही बघायला मागितली. चार पानांवर तिरकी रेघ मारलेली, खाली निळ्या शाईनं लिहिलेलं, ‘पावलं चालू राहतात.’ त्याखाली, ‘शेवट : रंगनाथ बोरस्ते.’

“भाऊ, आणि बायडाबाई?”

“त्या ध्वनी-संकलनात होत्या,” भाऊ म्हणाले. “सहायक.”

मी तिथून थेट तळमजल्यावर गेले आणि बायडाबाईंना तेवढं सांगून आले. दुसऱ्या दिवशी वही परत बघितली तर भाऊंचं नाव खोडून त्यावर पेनाच्या शाईत बुडवून उमटवलेला एक अंगठा, चांगला ठसठशीत.